स्थिर हात

"जरा पाच मिनिटं," म्हणत बाबांनी ब्रश वाटीत ठेवला. ठेवला कसला, काठावर खडखडला.

इकडे हिंदी मुलखात, पिपलानी वसाहतीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शाडूच्या गणपतीपुढे सगळे जमले होते. चतुर्थी उद्यावर आलेली. मूर्ती मंडळातच घडते आणि तिचे डोळे रेखतात ते माझे बाबा, गेली बावीस वर्षं. कारखान्यात ड्राफ्ट्समन होते; रेघ मारावी तर त्यांनीच.

आई गेली आणि झोप येत नाही म्हणून बाबा प्यायला लागले. मग सकाळी करमत नाही म्हणून. पुढे कारणं संपली, बाटली राहिली. डॉक्टर म्हणाले, "एकदम सोडू नका, जिवावर बेतेल. दाखल व्हा." बाबा ऐकेनात. शेवटी मीच अट घातली, "न पिता गणपतीचे डोळे रेखून दाखवा. हात थरथरला तर दुसऱ्या दिवशी दवाखाना. नाही थरथरला तर मी विषय काढणार नाही." मोठी शहाणी ना मी!

"सुचेता, गोपीनाथरावांची तबियत ठीक आहे ना?" मंडळाच्या विजयकाकांनी विचारलं.

"बीपीची गोळी घ्यायला गेलेत, काका." खोटं बोलायचं तेही गणपतीसमोर.

खरं सांगते, तो ब्रश खडखडला तेव्हा मला आनंद झाला होता. दवाखान्याची बॅग मी कालच भरली होती. बापाचा हात कापावा म्हणून देवाला विनवणारी मुलगी मी!

पाचाची वीस मिनिटं झाली. बाबा स्कूटर ठेवली होती तिकडून आले, वेलची चघळत. ब्रश उचलला आणि एका दमात पापणी रेखली. मग दुसरी. केसभर इकडचं तिकडे नाही.

"वा, गोपीनाथराव! क्या सफाई है!" विजयकाका ओरडले. टाळ्या पडल्या.

बाबांनी माझ्यापुढे पंजा पसरला. "बघ. थरथरतोय का?"

वेलचीमागून तो वास आलाच. थरथर थांबवणारं औषध बाटलीतच होतं; माझी अट कुठे चुकली ते मला तेव्हा कळलं. मी तो हात धरला. याच हाताने माझा हात धरून पाटीवर श्री गिरवून घेतला होता. अगदी तसाच होता, स्थिर.

"जिंकलो ना मी?" त्यांचे डोळे भरले होते.

"हो, बाबा."

घरी आल्यावर मी बॅग उघडली आणि त्यांचे दोन बनियन घडी न मोडता कपाटात परत ठेवले.