चोपन्न टक्क्यांत सतरा माणसं

बोरपाड्याच्या वळणावर उसानं भरलेल्या ट्रॉलीनं विजेचा खांब आडवा केला तो सकाळी साडेआठला, आणि भूमिका गावात उतरली नऊला. रनाळ्याच्या पुढचं हे छोटं गाव. संस्थेच्या गाडीनं तिला ग्रामपंचायतीसमोर सोडलं, श्रवणयंत्रांचं खोकं उतरवलं आणि ड्रायव्हर धर्मेंद्र "पाचला येतो मॅडम" म्हणून नंदुरबारला परतही गेला. गावात लाईट नाही हे तिला त्यानंतर कळलं.

ओट्यावर म्हातारी माणसं येऊन बसली होती. महिन्यापूर्वी याच ओट्यावर भूमिकानं सतरा जणांचे कान तपासले होते, आणि कुणाला कोणता आवाज किती कमी ऐकू येतो त्याचे आलेख तिच्या लॅपटॉपमध्ये होते. आज यंत्रं द्यायची होती. पण यंत्र नुसतं कानात घालून भागत नाही. चष्म्याला जसा ज्याचा त्याचा नंबर, तसं ते ज्याच्या त्याच्या कानाप्रमाणे जुळवावं लागतं, आणि ते मधे एक छोटी डबी लावून, लॅपटॉपला वायरीनं जोडूनच जुळवता येतं. एका माणसाला दहा-बारा मिनिटं लागतात.

तिनं बॅग उघडली, तर लॅपटॉप हाताला चांगलाच गरम लागला. रात्री पूर्ण चार्ज करून, झाकण मिटून ठेवलेला तो लॅपटॉप चोपन्न टक्के दाखवत होता. शेजारी आकडा होता, एक तास पस्तीस मिनिटं शिल्लक.

तिनं मनातल्या मनात हिशेब मांडला. एवढ्यात फार तर आठ माणसं होणार होती. पंचायतीच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या दिवाळीपासून बसलेल्या. मंडपवाल्याचं जनरेटर लग्नाला बाहेरगावी गेलेलं. मोबाइलची पॉवर बँक तिच्याकडे होती, पण या लॅपटॉपला ती लागत नव्हती. खांब संध्याकाळशिवाय उभा राहणार नाही, असं लाइनमननं फोनवर सांगून टाकलं.

"लाईट नही ते आते काय, परत जावानं का?" पहिल्याच पायरीवर बसलेल्या झिपरूआबांनी विचारलं. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते बोलले की अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं.

पुढची तारीख द्यायची म्हणजे एप्रिल उजाडणार होता. सुकरामदादा नावाचे एक गृहस्थ दूरच्या वाडीवरून पहाटे चालत निघून आले होते. त्यांना काय सांगायचं?

तेवढ्यात आतल्या खोलीतून एक बाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या, अंगानं बारीक, डोक्यावर पदर, नाकावर घसरलेला चष्मा. पंचायतीतल्या संगणकावर दाखले काढून देणाऱ्या त्या बेबीबाई. भूमिकानं गेल्या वेळी त्यांना पाहिलं होतं, पण चहा घेता का एवढ्यापलीकडे बोलणं झालं नव्हतं.

"मॅडम, मी एकदा पाहू का?" त्यांनी लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

भूमिकाला ते खरं तर आवडलं नाही. तिनं मुंबईत पाच वर्षं घालवून पदवी घेतली होती. हा लॅपटॉप चार महिन्यांपूर्वीचा, संस्थेतला सगळ्यात भारी. यात या काय पाहणार? पण नाही म्हणायलाही काही कारण नव्हतं. तिनं लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवला.

बेबीबाईंनी आधी कळफलकाला हात लावलाच नाही. लॅपटॉप उचलून त्यांनी त्याचा तळ तळहातानं चाचपला.

"रात्री बंद नव्हता केला?"

"झाकण मिटलं होतं की."

"झाकण मिटल्यावर तो नुसता डुलकी घेतो. मधेच उठतो, मेल पाहतो, काय काय उतरवून घेतो. बॅगेत वारा नाही, म्हणून तापतो, तापला की पंखा लावतो. रात्रभर तुमचा लॅपटॉप जागाच होता, मॅडम." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. वैद्यानं नाडी पाहून सांगावं तसं त्या सांगत होत्या.

मग त्यांनी लॅपटॉप भूमिकाच्याच पुढ्यात ठेवला आणि शेजारी बसून एकेक विचारू लागल्या. या कामाला इंटरनेट लागतं का? नाही. मग विमानवालं बटण दाबा, वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही गेले. स्क्रीनचा उजेड इतका का? सावलीत बसू, निम्म्याहून कमी करू. कळांच्या खाली दिवे लागलेत ते कशाला, दिवसाउजेडी? माउस काढा, बोटानं काम होतं. बॅटरी सेव्हर लावा. भूमिका दाबत गेली. यातलं बरंचसं तिला माहीत होतं. कधी करायची वेळ आली नव्हती, कारण तिचा लॅपटॉप कायम भिंतीला जोडलेला असायचा.

"आता ते टास्क मॅनेजर उघडा, मागे काय काय चालू आहे ते दिसेल," बेबीबाई म्हणाल्या.

भूमिकानं उघडलं, आणि तिची तिलाच लाज वाटली. काल दुपारी संपलेल्या ऑनलाइन मीटिंगचा प्रोग्राम अजून मागे चालूच होता. अँटिव्हायरसनं सगळ्या लॅपटॉपची तपासणी सुरू केली होती. ब्राउझरमध्ये एकतीस पानं उघडी होती, त्यात एक साड्यांचं. बेबीबाईंनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"अँटिव्हायरस बंद नका करू, फक्त ही तपासणी उद्यावर ढकला. बाकीचं सगळं बंद. आणि स्क्रीन सेकंदाला किती वेळा बदलते ते पाहा बरं. एकशेवीस? आपल्याला काय सिनेमा पाहायचाय? साठ करा."

हे मात्र भूमिकाला खरोखर माहीत नव्हतं.

सगळं आटोपेपर्यंत एक्कावन्न टक्के उरले होते. पण शेजारचा आकडा चढत चढत पावणेतीन तासांवर जाऊन थांबला. भूमिकानं तो दोनदा वाचला.

"ताई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कोण शिकवणार?" बेबीबाईंनी चष्मा वर सरकवला. "मी बारावी झालेली, संगणकाला पहिल्यांदा हात लावला तोच पस्तिशीनंतर. पंचायतीचा लॅपटॉप आठ वर्षांचा आहे. त्याची बॅटरी कशीबशी चाळीस मिनिटं चालायची. लाईट गेली की लोक दाखल्यावाचून परत जायचे. मग मी एक दिवस फक्त उजेड कमी करून पाहिला, किती मिनिटं वाढली ते कॅलेंडरच्या मागे लिहिलं. दुसऱ्या दिवशी उजेड होता तसा केला आणि वायफाय बंद करून पाहिलं. असं दोन महिने केलं. एका दिवशी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कुणाचा गुण ते कळत नाही."

भूमिका त्यांच्याकडे बघतच राहिली. एका वेळी एकच गोष्ट बदला, हे वाक्य तिच्या कॉलेजातले सर फळ्यावर लिहून द्यायचे. ही बाई बारावी झालेली, पस्तिशी उलटल्यावर संगणकाला पहिल्यांदा हात लावलेली, आणि कुणी न सांगता त्याच ठिकाणी येऊन पोचली होती.

"चाळीसची किती झाली?"

"एक तास पन्नास मिनिटं. पण मॅडम, तुमचं अजून पुरत नाही. सतरा माणसं आहेत. तुम्ही काम कसं करता ते सांगा."

भूमिकानं सांगितलं. माणूस येतो, त्याचं नाव लॅपटॉपवर काढायचं, मग कान पाहायचा, मळ असेल तर काढायचा, कानात बसणारं रबरी टोक निवडायचं, यंत्र वायरीला जोडायचं, जुळवायचं, जुळवलेलं यंत्रात लिहून होईपर्यंत लॅपटॉप बंद पडू द्यायचा नाही, नाहीतर यंत्र बिघडतं, मग यंत्र कसं घालायचं, सेल कसा बदलायचा ते शिकवायचं.

"आणि एवढा वेळ लॅपटॉप उघडा?"

"हो."

"मग त्याचा निम्मा वेळ नुसता वाट पाहण्यात जातो. जुळवणं सोडून बाकी सगळं आधी उरकू. तोवर लॅपटॉप पूर्ण बंद राहू दे. आणि ती वायरीची डबी प्रत्येक वेळी काढून ठेवा, ती पण त्याच्याच जिवावर चालते."

मग पुढचा तासभर भूमिकानं लॅपटॉपला हात लावला नाही. ओट्यावरच्या कडुनिंबाच्या सावलीत तिनं एकामागून एक कान पाहिले, टोकं निवडली. बेबीबाईंनी कागदाच्या चिठ्ठ्यांवर नावं आणि नंबर लिहून प्रत्येकाच्या यंत्राच्या डबीला चिकटवले. सेल कसा बदलायचा ते भूमिकानं एकदा दाखवलं, आणि नंतर बेबीबाईच अहिराणीतून, हातवाऱ्यांनी, ज्याला त्याला समजेपर्यंत शिकवत राहिल्या. लॅपटॉपसाठी त्यांनी टेबलावर दोन पट्ट्या आडव्या ठेवल्या, खालून वारा जावा म्हणून.

अकराला झिपरूआबा पहिले बसले. लॅपटॉप उघडला, डबी जोडली, सात मिनिटांत दोन्ही यंत्रं जुळली, डबी काढली, झाकण मिटलं. आबा जागचे हलले नाहीत. मान वर करून ते कडुनिंबाकडे पाहत होते.

"हाई चिडी शे का?" त्यांनी विचारलं. चक्क हळू आवाजात विचारलं. फांदीवर दोन चिमण्या भांडत होत्या. "माले वाटनं, आते गावमा चिड्याच नहीत."

कुणीतरी हसलं. भूमिकालाही हसू आलं. बेबीबाई मात्र कागदावर काही लिहीत होत्या: झिपरूआबा, अडीच टक्के.

असं प्रत्येकाचं चाललं. कुणाला दोन टक्के लागले, कुणाला तीन. सुकरामदादांच्या डाव्या कानातलं यंत्र शिटी वाजवू लागलं, ते काढून, टोक बदलून पुन्हा जुळवावं लागलं, त्यात चार गेले. भूमिकाच्या कपाळाला आठी पडली. बेबीबाई म्हणाल्या, "जाऊ द्या. एवढं चालून आलेत ते. घाई केली तर घरी जाऊन काढून ठेवतील, मग ते चार टक्केही वाया." सुकरामदादांच्या कानात शिटी थांबली आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते पाहून भूमिकाला बेबीबाईंचं म्हणणं पटलं.

दुपारी बेबीबाईंनी तिला जेवायला उठवलं. भूमिका सवयीनं झाकण मिटून निघाली, तर बेबीबाई म्हणाल्या, "पाच मिनिटांसाठी मिटलं तर ठीक. अर्ध्या तासासाठी हायबरनेट करा, मग तो गाढ झोपतो, काहीच खात नाही." कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाताना भूमिकानं विचारलं, तुम्ही हे कुठे लिहून का काढत नाही? त्यावर बेबीबाई नुसत्या हसल्या. असं काही लिहिण्यासारखं असतं हे बहुतेक त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

साडेतीनला सोळा माणसं झाली. ओट्यावर एकाच यंत्राची डबी उरली. सात टक्के शिल्लक होते.

"फुलवंताबाई कोण?" भूमिकानं चिठ्ठी वाचत विचारलं. "यांचा नंबर तर यादीत तिसरा आहे. शेवटी कशा राहिल्या?"

खोलीच्या दारात एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. बेबीबाई तिच्याकडे न पाहता म्हणाल्या, "त्या माझ्या सासूबाई. घरच्याच आहेत, त्यांना काय, थांबता येतं."

सकाळपासून या बाईंनी इतरांचे टक्के मोजले होते, आणि घरच्या माणसाला मात्र टक्के पुरणार नाहीत अशा शेवटच्या जागी बसवलं होतं.

"दोन्ही कानांना मिळून तीन टक्के लागतील," भूमिका म्हणाली. "सात आहेत. होईल."

"नाही होणार. पाचवर लॅपटॉप आपोआप झोपतो. यंत्रात लिहिणं चालू असताना झोपला तर यंत्र बिघडेल, तुम्हीच सांगितलंत ना सकाळी?"

"तो पाचचा आकडा खाली आणता येतो, ताई. मी आणते."

बेबीबाईंनाही तो मार्ग माहीत होता, ते त्यांच्या चेहऱ्यावरून भूमिकाला दिसलं. पण त्यांनी नकारार्थी मान हलवली. "त्या शेवटच्या टक्क्यांवर माझा भरवसा नाही. आज एकच कान करा, ज्यानं जास्त ऐकू येईल तो. दुसरा पुढच्या वेळी."

भूमिकानं उजवा कान निवडला. म्हातारीला समोर बसवलं, लॅपटॉप उघडला, कुठलंही बटण दोनदा दाबावं लागू नये इतकं जपून काम केलं. पाच मिनिटं लागली. यंत्रात शेवटची नोंद गेली तेव्हा सहा टक्के होते. तिनं डबी काढली आणि सगळं बंद केलं.

"जिजी!" बेबीबाईंनी सवयीनं ओरडून हाक मारली. "ऐकू येस का?"

फुलवंताबाई दचकल्या. त्यांनी कानाला हात लावला, सुनेकडे पाहिलं, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "बेबी, तू इतलं जोरमा कसाले बोलस वं?"

बेबीबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या ते भूमिकाला नीट दिसलं नाही. मग त्या सासूजवळ जाऊन बसल्या आणि अगदी हलक्या आवाजात काहीतरी बोलू लागल्या. दोघी बराच वेळ बोलत होत्या.

दुसरा कान पुढच्या बुधवारी झाला, नंदुरबारला, संस्थेच्या कार्यालयात. भूमिकानं स्वतः गाडी पाठवली होती. त्यात तिचा एक मतलबही होता. फुलवंताबाईंचं काम आटोपल्यावर तिनं बेबीबाईंना मधल्या खोलीत नेलं. तिथे तिचे चार सहकारी आपापले लॅपटॉप उघडून बसले होते. डोंगरातल्या शिबिरांना जाणारे, दर वेळी निम्मं काम टाकून परतणारे.

"या बेबीताई," भूमिकानं सांगितलं. "बोरपाड्याचं शिबिर यांनी केलं. मी फक्त मशीन जुळवत होते."

बेबीबाई संकोचल्या. "मी काय सांगणार यांना?"

"जे मला सांगितलं तेच. पहिल्यापासून."

त्या खुर्चीच्या कडेला टेकल्या. एकानं विचारलं, दुसऱ्यानं विचारलं, तिसऱ्यानं वही काढली. अर्ध्या तासानं भूमिकानं पाहिलं तेव्हा त्या खुर्चीत पूर्ण मागे रेलून बसल्या होत्या, चष्मा नाकावर घसरला होता, आणि दोन पदव्या मिळवलेल्या एका डॉक्टरला त्या समजावत होत्या, "नाही, सगळं एकदम नका बदलू. आज फक्त उजेड कमी करा आणि घड्याळ लावा. उद्या मला फोन करून सांगा किती मिनिटं वाढली."

बाहेर गाडीत बसलेल्या फुलवंताबाईंनी धर्मेंद्रला विचारलं, सून एवढा वेळ आत काय करतेय. धर्मेंद्र म्हणाला, शिकवतायत. म्हातारीनं त्याला तेच पुन्हा एकदा म्हणायला लावलं. ऐकू आलं नव्हतं म्हणून नाही.