तिसरा पुकारा

कोर्टात सगळ्यांत कमी शिकलेला मी आणि सगळ्यांत मोठा आवाज माझा. बोर्डावर ज्याचं नाव असेल ते दारात उभं राहून तीनदा पुकारायचं, एवढंच माझं काम. तिसऱ्या पुकाऱ्यालाही कोणी आलं नाही की न्यायाधीश दावा काढून टाकतात. लोकांना वाटतं निकाल साहेब देतात. निम्मे तर माझ्या घशानेच दिलेत.

फाटकवाल्याचं प्रकरण माझ्याच डोळ्यांदेखत वाढलं. रेल्वे फाटकावर त्याने नोकरी केली आणि शेजारीच दोन खोल्या बांधल्या. मागचे रूळ केंद्र सरकारचे, पुढचा रस्ता राज्याचा, दारातला नळ नगरपालिकेचा. रस्त्याचं पाणी घरात शिरायला लागलं तेव्हा तिघांनीही जागा आपली नसल्याचं लेखी कळवलं. पुढे तिथे पूल बांधायचं ठरलं आणि तिघांनीही घर पाडायच्या नोटिसा धाडल्या. फाटकवाला आमच्याकडे आला. साहेबांनी स्थगिती दिली. दावा चालू आहे तोवर घराला कोणी हात लावायचा नाही.

दर तारखेला तो खाली झाडाखाली बसून राहायचा. दोन पुकारे झाले तरी हलायचा नाही. तिसऱ्याला जिन्यातूनच ओरडायचा, "आलो, आलो." मी त्याच्यावर कितीदा तरी उखडलो. म्हटलं, पहिल्याला उठायला काय होतं तुला? तो म्हणायचा, "आमच्याकडे तिसऱ्या घंटेला फाटक पडायचं. त्याआधी पाय उचलतच नाही."

जागा कोणाची हा प्रश्न मग वर गेला, राज्याच्या उच्च न्यायालयात. तिथे म्हणाले, केंद्र आणि राज्य यांच्यातलं भांडण सोडवायचा अधिकार आम्हाला नाही, ते देशाच्या सर्वोच्च न्यायालयात जायला हवं. गेलं. खालचं काम तोवर थांबवलं, पण बोर्डावरून नाव निघालं नाही. मी पुकारायचं आणि कारकुनाने पुढची तारीख टाकायची, एवढंच उरलं.

मधल्या काळात फाटकवाला वारला. शिवणकाम करणारी त्याची मुलगी त्याच घरात राहायची. तिने वकिलामार्फत वारस म्हणून नाव लावून घेतलं, पण ते वरच्या कोर्टात, कारण प्रकरण तिकडे होतं. खाली कोणी काही कळवलं नाही. सर्वोच्च न्यायालयात फाटकवाला मेलेला होता. आमच्याकडे तो जिवंत होता.

तो गेल्याचं मला माहीत होतं. तरी बोर्डावर आहे ते पुकारायचं, त्यात पदरचं काही घालायचं नाही. पुढच्या तारखेला मी तीनदा पुकारलं आणि जिन्यातून आवाज आला, "आलो, आलो."

मी वाकून पाहिलं. जिना रिकामा होता. कारकुनाला सांगितलं तर म्हणाला, "तुमचे कान तपासून घ्या." दोन वर्षं दर तारखेला मी ते ऐकलं. खरं सांगतो, मी भ्यायलो कमी आणि शरमलो जास्त. तो आपणहून येणारा माणूस नव्हता. मी बोलावतो म्हणून यायचा.

गेल्या महिन्यात वरून निर्णय झाला. सरकारांनी आपसातलं भांडण तिथे भांडावं, घराचं काय ते खालच्या कोर्टाने ठरवावं. प्रकरण परत आमच्याकडे आलं, पण वारसाची नोंद असलेले कागद काही आले नाहीत.

तारखेला मुलगी सकाळीच येऊन बसली. वकील दुसऱ्या शहरात अडकलेला. मी तिला कारकुनाकडे नेलं. त्याने बोर्ड पाहिला.

"तुमचं नाव इथे नाही."

"मी मुलगी आहे त्यांची. वर लागलंय नाव."

"वर लागलं असेल, बाई. इथे वारसाचं नाव लावायची मुदत उलटून गेली. वरचे कागद आल्याशिवाय साहेब तुम्हाला ओळखणार नाहीत."

"कधी येतील?"

"सहा-सात तारखा तरी जातील."

"आणि आज बाबांच्या नावाला कोणी उभं राहिलं नाही तर?"

कारकुनाने रजिस्टरात डोकं घातलं. मीच सांगितलं, "दावा जाईल, पोरी. स्थगितीही जाईल."

ती बाकावर जाऊन बसली. दुपारी आमचा नंबर लागला. मी पहिला पुकारा दिला, दुसरा दिला. मग तिसरा दिला.

"आलो, आलो."

या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं. कारकुनाचं पेन थांबलं. राज्याचा वकील आणि केंद्राचा वकील जन्मात एकमेकांकडे बघत नाहीत, ते बघायला लागले. साहेब मात्र मान खाली घालून लिहीत होते. "वादी हजर," ते लिहिता लिहिता म्हणाले, "पुढची तारीख द्या."

घर वाचलं. मुलगी जिन्याच्या तोंडाशी उभी होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काका, हा बाबांचा आवाज होता."

"हो."

"तुम्हाला याआधी कधी आला होता?"

"दोन वर्षं येतोय."

"आणि मला एकदाही सांगितलं नाहीत?"

मी मान खाली घातली. सांगून ती काय करणार होती, असं मी मनाला समजावत आलो होतो. खरं म्हणजे धीर झाला नव्हता.

"कागद येईपर्यंत प्रत्येक तारखेला त्यांना यावं लागणार?"

"तू गप्प राहिलीस तर घर तुझंच राहील," मी म्हणालो. "कोणाला कळायचं नाही."

"मला कळेल ना." तिने डोळे पुसले. "जन्मभर कोणी बोलावलं की ताटावरून उठून गेले ते. कधी मुकादमाने बोलावलं, कधी साहेबाने. मेल्यावरही तेच करायला लावू?"

मी अडवायच्या आत ती कोर्टात शिरली आणि साहेबांसमोर उभी राहिली.

"साहेब, माझे वडील वारलेत. दोन वर्षं झाली. त्यांचा दाखला आहे माझ्याकडे. त्यांना पुन्हा बोलावू नका."

साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. "मग आत्ता उत्तर कोणी दिलं?"

मुलीने दाखला पुढे केला. साहेबांनी दाखला वाचला, माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "कागद येईपर्यंत मला काही करता येत नाही, हे ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"हो, साहेब."

त्यांनी 'हजर' खोडलं आणि खाली दोन ओळी लिहिल्या. दावा गेला. दोन्ही वकिलांनी फायली बांधल्या. पाडायचं कोणी, यावर व्हरांड्यातच त्यांचं पटकन जमलं.

मुलगी बाहेर आली आणि रिकाम्या जिन्यापाशी थांबली. मी दोन पावलं मागे उभा राहिलो.

"बाबा, झालं काम," ती हळूच म्हणाली. "आता कोणी बोलावणार नाही तुम्हाला. तुम्ही घरी जा."

'घरी' म्हटल्यावर ती तिथेच पायरीवर बसली.