वरून मारलेला टाका

मित्रांनो, मी एक जुने, पायाने चालवायचे शिलाई मशीन आहे. नवे होते तेव्हा माझा काळा रंग असा चकाकायचा की गिऱ्हाइके माझ्यात बघून केस नीट करायची. आता रंग उडाला, बडबड तेवढी शाबूत आहे.

माझे मालक शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. भारी काटेकोर माणूस! मला तेल घालताना पुटपुटायचे, "एकच थेंब. जास्त झालं की कापडाची वाट लागते." शिवताना टाका सुटला तर मात्र उसवत बसायचे नाहीत, वरून दुसरा मारायचे. गिऱ्हाइके त्यांच्या शिवणीची तारीफ करत आणि मी उगाच फुशारून जाई.

पुढे मास्तरांच्या हृदयाचे ठोके चुकू लागले. डॉक्टरांनी ते ताळ्यावर आणायला गोळी दिली. मास्तरांचे पाय पुन्हा माझ्या पॅडलवर एका लयीत पडू लागले. मला हायसे वाटले. पण थोड्याच दिवसांत पाय परत अडखळू लागले. मास्तर मध्येच थांबत, छातीवर हात ठेवत, घाम पुसत.

"अहो, डॉक्टरांना दाखवून या ना," बायको म्हणाली.

"एवढ्यातेवढ्याला कशाला दवाखाना? ठोका सुटला, की वरून एक गोळी. धरून ठेवते."

"ते काय कापड आहे?"

मास्तर हसले आणि जादा गोळी घेतली. धडधड वाढली, म्हणून आणखी एक घेतली.

त्या दुपारी ते नातवाचे झबले शिवत होते. पाय भरभर पडले, मग वेडेवाकडे पडले, मग थांबले. त्यांचे डोके माझ्या चाकावर टेकले. मला कुणाला हाकही मारता येईना.

बायकोने आणि लेकीने त्यांना दवाखान्यात नेले. संध्याकाळी मायलेकी दोघीच परतल्या.

"आई, डॉक्टर म्हणाले, ठोके सावरणारी गोळीच कधीकधी ठोके बिघडवते. त्रास सुरू झाला तेव्हाच यायला हवं होतं. बाबांनी वर आणखी घेतल्या."

"सांगत होते गं मी," आई म्हणाली आणि खालीच बसली.

आता माझ्यावर धूळ साचते. अर्धे झबले अजून माझ्या सुईखाली आहे. मित्रांनो, घरात कोणी हृदयाची गोळी घेत असेल आणि छाती धडधडली, चक्कर आली, तर हट्टाने त्यांना डॉक्टरांकडे न्या. गोळी मनाने वाढवू देऊ नका, बंदही करू देऊ नका.

मी तर नुसते लोखंड. तरी त्या माणसाने मला जन्मात कधी थेंबभर तेल जास्त घातले नाही.