होजिअरीनं माझी लाज काढली

मी पेठ गावच्या तेजस्विनीची शिलाई मशीन बोलतेय. बोलतेय खरी, पण लाजत लाजतच. मला मान खाली घालता येत नाही, ती बिडाची आहे. नाहीतर तुमच्यापुढं वर तोंड करून बसले नसते.

माझा जन्म कारखान्यातला. काळं अंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी. उमेदीची वर्षं जुन्नरला रहमतुल्लाभाईंच्या दुकानात गेली. गणवेश, पायजमे, गाद्यांच्या खोळी, काय काय शिवलं नाही मी! रहमतुल्लाभाई गिऱ्हाइकाला शिवण दाखवायचे आणि म्हणायचे, "बघा, रेघ मारल्यासारखी!" ते ऐकून मी फुगून जायचे. पुढं त्यांनी मोटारवर चालणारी मशीन घेतली आणि मी पोत्याखाली गेले. उंदरांनी माझा पट्टा कुरतडला. शेवटी धम्मपालनं मला पिकअपमध्ये कांद्याच्या गोण्यांशेजारी बांधलं आणि बायकोसाठी घरी आणलं.

तेजस्विनी ही त्याची बायको. हाताला सफाई, पाय एका लयीत. गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवता शिवता माझा जुना तोरा परत आला.

मग जानकाबाई पडल्या. जानकाबाई म्हणजे धम्मपालची आई. गोठ्यात पाय घसरला आणि उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण हात वर जाईना. लुगडं त्या डाव्या हातानं कसंबसं नेसायच्या, अडायचं ते ब्लाउजपाशी. रोज सकाळी तेजस्विनी त्यांच्या हातात बाही चढवायची, हुक लावायची, आणि तेवढा वेळ जानकाबाई भिंतीकडं बघत राहायच्या. मी त्याच खोलीत, खिडकीपाशी. एकदा घाईत तेजस्विनी म्हणाली, "आत्या, हात जरा ढिला सोडा की." दुसऱ्या दिवसापासून जानकाबाई सैल मॅक्सी घालू लागल्या आणि त्यांनी उंबऱ्याबाहेर जाणं सोडलं.

बुद्ध पौर्णिमा जवळ आली. दरवर्षी त्या पांढरं लुगडं नेसून विहारात सगळ्यांच्या पुढं बसायच्या. यंदा म्हणाल्या, "मी न्हाई येत. बारक्या पोरावानी कुणीतरी कापडं घालायची आन् मग मी मिरवायचं व्हय?"

मंचरहून आणलेल्या तयार ब्लाउजच्या बाह्या आखूड निघाल्या, जानकाबाईंनी तो हातातसुद्धा धरला नाही. तेव्हा तेजस्विनीनं ठरवलं, आपणच शिवायचा. बिनहुकाचा, डोक्यातून घालायचा, कोपरापर्यंत बाह्यांचा. त्यासाठी पांढरी होजिअरी आणली. होजिअरी म्हणजे बनियनसारखं ताणणारं कापड.

आयुष्यात पहिल्यांदा मी टाके गाळले. एक पडला की पुढचे दोन गायब. जागोजाग भोकं पडली. मग तर कापडाचं टोकच मी खाली ओढलं आणि चघळलं. "मशीन कापड खातीय," तेजस्विनी म्हणाली. भुकेनं खाल्लं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण मला ते पेलतच नव्हतं.

तिनं रहमतुल्लाभाईंना फोन लावला. ते म्हणाले, "बेटी, साध्या सुईनं त्या कापडाचा धागा तुटतो. गोल टोकाची सुई घाल, कापड दाबून धरणाऱ्या फूटचा दाब कमी कर. आणि कापड ओढू नको." तिनं तसं केलं. शिवाय कापडाखाली वर्तमानपत्राची पट्टी धरून शिवलं आणि नंतर कागद फाडून काढला. आता मी कापड खाल्लं नाही. उसवायला नको म्हणून तिनं प्रत्येक शिवण दोनदा मारली. रेघ मारल्यासारखी सरळ! मी पुन्हा फुगले.

जानकाबाईंनी तो ब्लाउज डोक्यात घातला आणि तो तिथंच अडकला. दुखरा हात अर्धा बाहीत, डोकं आत, ना वर ना खाली. आतून आवाज आला, "तेजू, जीव घाबरा झाला गं." बाहेरून धम्मपाल ओरडला, "काय झालं?" दोघी एकदमच ओरडल्या, "आत येऊ नको!"

"कात्री घे, काप!" जानकाबाई आतून म्हणाल्या.

माझी शिवण तुटता तुटेना. जन्मभर जिचा अभिमान बाळगला, तिनंच एका म्हातारीला कोंडून ठेवलं होतं. शेवटी कात्रीनं ती उभी फाडली, तेव्हा कुठं जानकाबाई मोकळ्या झाल्या. मला त्या घटकेला पुन्हा पोत्याखाली जावंसं वाटलं.

जानकाबाई फाटका ब्लाउज मांडीवर घेऊन बसल्या. डाव्या हातानं ओढून बघत म्हणाल्या, "ह्ये उभं ताणतंय. आडवं न्हाई. मी काय उभी फुगणारे का?"

तेजस्विनीनं कपाळाला हात लावला. ब्लाउजपीस नेहमीच तोकडा. त्यात लांब बाह्या बसवायच्या तर तुकडे फिरवून बेतावे लागतात. त्याच सवयीनं तिनं होजिअरीही फिरवून बेतली होती. दोघी हसल्या. मला हसू आलं नाही.

दुसऱ्यांदा तिनं नीट बेतलं. शिवताना कापड पुढून-मागून अगदी हलकं ताणून धरलं, म्हणजे दोऱ्याला सैलपणा राहतो. शिवण ताणली तरी तुटेना, पण दिसायला नागमोडी. अशी शिवण मी कधी घातली नव्हती. आतल्या बाजूला आहे, कुणाला दिसणार, म्हणून मी गप्प राहिले.

पौर्णिमेच्या सकाळी जानकाबाईंनी सुनेला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. खोलीत त्या आणि मी. आधी दुखरा हात, मग डोकं. मध्ये दम खायला त्या खाटेवर बसल्या. बाहेरून तेजस्विनीनं विचारलं, "येऊ का, आत्या?" "न्हाई!"

बऱ्याच वेळानं दार उघडलं. तेजस्विनी बघतच राहिली. ब्लाउज उलटा होता. माझ्या साऱ्या वाकड्या शिवणी बाहेर.

"आत्या, उलटा घातलाय. काढून नीट घालू?"

जानकाबाईंनी बाहीवरून बोट फिरवलं. "असू दे. हात लावू नको. माझा मी घातलाय."

पदर घेतला आणि त्या निघाल्या. पदराखाली पाठ झाकते, बाह्या झाकत नाहीत. साऱ्या गावानं माझं काम पाहिलं असेल. त्या विहाराकडं वळेपर्यंत मी खिडकीतून बघत होते. शरमेनं माझं चाक जाम झालं होतं, तरी नजर हटेना.

अजून मी तेजस्विनीकडंच आहे. होजिअरी आली की अजून धास्तावते, अजून टाके चुकतात. तुमच्याकडं एक मागणं आहे. घरात कुणी बंद दाराआड आपल्या कपड्यांशी झटत असेल, तर दार वाजवू नका. उशीर होऊ द्या.