खाल्लेलं कुणाच्या अंगी लागतं

एकाच पातेल्यातलं जेवून दोन बहिणी मोठ्या झाल्या, पण आईकडे दोघींसाठी बोल मात्र दोन होते. धाकटी काडी पहिलवान, तर म्हणे बिचारीच्या अंगी खाल्लेलं लागत नाही. थोरली अंगाने भरलेली, तर म्हणे हावरट. धाकटीच्या ताटात आग्रहाने पडायचं आणि थोरलीच्या ताटातलं परत जायचं.

थोरली शिकली आणि कोंबड्यांच्या संशोधन केंद्रात लागली. हसायचं तर हसा, पण तिचं सगळं शास्त्र कोंबड्यांच्या शिटेत होतं. लठ्ठ कोंबड्यांची शीट पाण्यात कालवून, गाळून तिने नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिल्लांच्या चोचीत थेंब थेंब सोडली. दुसऱ्या खुराड्यातल्या पिल्लांना सडपातळ कोंबड्यांची. जात एक, खाद्य एक. पहिल्या पिल्लांच्या पोटात चरबी धरली, दुसरी सडपातळच राहिली. पहिली जास्त खात असणार, असं तिलाही वाटलं. तिने उरलेलं खाद्य पुन्हा पुन्हा तोललं. फरक नव्हता. फरक होता तो आतड्यातल्या सूक्ष्मजंतूंमध्ये. दाण्यातून काय काढायचं आणि किती चरबी म्हणून साठवायची, यात त्यांचाही हात होता. आपणही त्या मुक्या जीवांवर हावरटपणाचा आळ घेतला, हे कळल्यावर तोलकाट्यापाशीच तिला रडू आलं. मग आला तो राग, आणि तो काही गेला नाही.

सुट्टीच्या दिवशी धाकटी आपल्या मुलीला घेऊन माहेरी आली. मुलगी गोल गुटगुटीत. सगळे जेवायला बसले आणि आईचा हात सवयीने नातीच्या ताटाकडे गेला. मावशीवर गेलीय हो, असं हसत हसत म्हणत तिने अर्धा भात काढून पातेल्यात टाकला. पोरीने मान खाली घातली. तशीच मान थोरलीने वर्षानुवर्षं स्वतः खाली घातली होती.

तिने भातवाढी उचलली आणि काढलेला भात भाचीच्या ताटात परत वाढला. आईच्या कपाळाला आठ्या पडल्या. कोंबड्यांचं शास्त्र माणसांना लावू नकोस, असं तिने बजावलं.

"नाही लावत," थोरली म्हणाली. "माणसांचं मला अजून ठाऊक नाही. पण कोंबडीला हावरट ठरवण्याआधी मी तिचं खाणं तोललं. तू माझं कधी तोललंस?"

मग धाकटीच पुटपुटली, "मी ताईच्या दुप्पट खायचे, आई. तूच तर वाढायचीस."

आईने भातवाढीसाठी हात पुढे केला. थोरलीने ती दिली नाही. आधी स्वतःच्या ताटात पोटभर वाढून घेतलं, आईच्या डोळ्यांत बघत पहिला घास खाल्ला आणि भाचीला म्हणाली, "मान वर करून जेव."