फणीवरचे नाव

मित्रांनो, मी एक जुनी फणी आहे. पण लाकडाची नाही की शिंगाची नाही. एकाहत्तरच्या लढाईत सरहद्दीवर पडलेल्या विमानाच्या पत्र्यातून भिकन नावाच्या जवानाने मला घडवले. करवतीच्या तुटक्या पात्याने त्याने माझा एकेक दात कापला आणि खिळ्याने पाठीवर बायकोचे नाव कोरले, 'चंद्रभागा'. उरलेला पत्रा पिशवीत ठेवत तो स्वतःशीच म्हणाला, "हा आईसाठी."

भिकन परतला नाही. त्याचा मित्र सावळीराम मला घेऊन भिकनच्या नाशिकरोडच्या घरी आला. "भिकनने स्वतः केली," एवढेच त्याला बोलता आले. दारात बसलेल्या भिकनच्या आईच्या, मालनबाईंच्या हातात मला ठेवून तो गेला.

मालनबाईंना वाचता येत नव्हते. त्यांनी सुनेला विचारले, "काय लिवलंय गं यावर?"

चंद्रभागाने माझ्याकडे पाहिले, मग सासूकडे. "आई असं लिहिलंय," ती म्हणाली.

सात वर्षे मालनबाईंनी मला उशाशी ठेवले. शेजारणींना दाखवून म्हणायच्या, "लढाईतबी त्याला माझीच आठवण." चंद्रभागा तेव्हा मान खाली घालून भांडी घाशी. तिने मला एकदाही हात लावला नाही.

पुढे वस्तीत प्रौढांचा साक्षरता वर्ग निघाला. लेकाची अक्षरे स्वतः वाचायची म्हणून मालनबाई पाटी घेऊन जाऊ लागल्या. आपले खोटे उघडे पडेल अशी चंद्रभागाला भीती वाटू लागली. एका दुपारी सासू वर्गाला गेल्याचे पाहून तिने मला दगडावर घासायला घेतले. पहिले अक्षर अर्धे गेले, तोच मालनबाई दारात.

"घासू नको. त्याच्या हातचं हाय ते."

"आत्याबाई, मी..."

"आठ दिस झाले मला वाचून." त्या खाली टेकल्या. अर्ध्या घासलेल्या अक्षरावरून बोट फिरवत म्हणाल्या, "माझ्यासाठी कायच नव्हतं का गं त्याच्या मनात?"

चंद्रभागा रडू लागली. मालनबाईंनी तिला पुढ्यात ओढले, अंबाडा सोडला आणि मला घेऊन तिचे केस विंचरले. माझे दात टोचत होते. ती हलली नाही.

त्या दिवसापासून मी चंद्रभागाची झाले. मालनबाई मात्र पुन्हा वर्गाला गेल्या नाहीत. अठ्ठ्याऐंशी साली त्या वारल्या, भिकनने आईसाठी राखलेल्या त्या पत्र्याविषयी काहीच न कळता.

मित्रांनो, आपल्या माणसाच्या हातच्या वस्तू जरूर जपा. पण मनातले त्याच्या तोंडावर सांगून टाका. आमच्यावर भिस्त ठेवू नका. आम्हाला बोलता येत नाही.