उभ्या खाटा

लातूरच्या त्या वसतिगृहात सकाळी सहाला खाटा भिंतीला उभ्या करायच्या, आणि रात्री दहानंतरच आडव्या करायच्या, असा रेणुकादास सरांचा कायदा होता. सर क्लासचे मालक, जीवशास्त्रही तेच शिकवायचे. दिवसा खाट आडवी झाली की मेडिकलची सीट गेली, एवढं साधं त्यांचं गणित.

हदगावच्या देविकाला दिवाळीनंतर एक दुखणं जडलं. बसली की मानेतून कळ निघायची, डोक्यात घण पडायचे. फरशीला पाठ टेकली की घटकाभरात सगळं निवळायचं, वारं पडल्यावर तळं निवळावं तसं.

"पुस्तक उघडलं की येतं, लोळलं की जातं," सर भर वर्गात म्हणाले. "देविकाबाई, पेपर काय पलंगावर देणार?" दीडशे पोरं हसली. "आठ दिवसांत बसून दाखवा, नाहीतर हदगावची एसटी धरा."

सरांच्या ओळखीच्या डॉक्टरांनी तिला टेबलावर निजवलं. मग सावकाश विचारलं, "दुखतंय का?"

"आता न्हाई."

त्यांनी 'अभ्यासाचा ताण' लिहून टॉनिक दिलं.

मेसमध्ये भाकरी थापणारी कमलम्मा किल्लारीची. भूकंपानंतर छताखाली निजायला भिणारी माणसं तिनं पाहिली होती. निजायलाच मनाई करणारं छत मात्र लातुरातच पाहिलं. ती म्हणाली, "निजवून इचारल्यावर कसं दुखंल? उभी करून इचारा की." आणि पोरीला एसटीच्या शेवटच्या बाकावर आडवी टाकून तिनं नांदेड गाठलं.

तिथल्या डॉक्टर सदफनं देविकाला आधी पाव तास उभं ठेवलं, मग निजवलं. नंतर एमआरआय. पाठीत सुई न्हाई, रंगाचं औषध न्हाई, नुसतं यंत्रात पडून राहायचं.

"मेंदू पाण्यात तरंगतो," फोटो दाखवत सदफ म्हणाली. "तुझ्या कण्याभोवतीचं वेष्टन इथं आपोआप उसवलंय. पाणी झिरपून राहिलंय. उभी राहिलीस की मेंदू खाली ओढला जातो."

देविकाला हसू आलं. मेंदू पाण्यात तरंगतो, हे सरांनी तीनदा लिहून घेतलं होतं.

तिच्याच दंडाचं रक्त काढून पाठीत त्या जागेजवळ सोडलं. ते गोठून ठिगळ बसलं. दुसऱ्या दिवशी ती उठून बसली आणि दुखण्याची वाट बघत राहिली. ते आलं न्हाई.

आठवड्यानं ती लातूरला परतली. वसतिगृहाच्या खोलीत सरांनी फोटो उजेडात धरला. "सिलॅबसमध्ये आहे का हे?"

"चार मार्कांना. तुम्हीच शिकवलंय, सर."

सरांनी डॉक्टर सदफची चिठ्ठी वाचली: महिनाभर वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, दुपारी पडून राहायचं. "बरं. पडा मग."

"ओझं उचलायला मनाई हाय, सर. खाट तेवढी आडवी करून द्या."

भर दुपारचे दोन वाजले होते. दारात पोरी गोळा झालेल्या, त्यांच्यात मेसमधून आलेली कमलम्माही. सरांनी कमलम्माकडं पाहिलं. तिचे हात पिठाचे होते, आणि ते धुवायची तिला घाई नव्हती.

सरांनी बाह्या वर केल्या.